जॉइसची गोष्ट आणि ह्यूस्टनचा बोलपट



पुस्तकावरून घेतलेला बोलपट पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींचें एक वाक्य ठरलेलें असतें : "पुस्तक काय सुंदर होतें, आणि यांनीं त्याची कशी माती केली!" पुष्कळ वेळां तें खरेंहि असतें. परंतु माती नेमकी कशाची झाली, आणि जें पुस्तकांत शब्दांनीं उभें केलें होतें तें पडद्यावर उभें करावयाला दुसरें कांहीं साधन हातीं होतें कीं नाहीं, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो करावयाचा तर सर्वांत अवघड असें उदाहरण घ्यावें असें मला वाटलें. म्हणून आज मी आयर्लंडमधील एक लघुकथा आणि तिच्यावरून निघालेला एक बोलपट, एवढेंच घेऊन आपल्यापुढें आलों आहें. कथेचें नांव 'दि डेड', लेखक जेम्स जॉइस. बोलपटाचें नांवहि तेंच. तो १९८७ सालीं जॉन ह्यूस्टन या मूळच्या अमेरिकन दिग्दर्शकानें काढला, आणि तोच त्याचा अखेरचा बोलपट ठरला.

'दि डेड' याला मराठींत काय म्हणावें? 'मृत' हा शब्द पंचनाम्यांतला वाटतो. आपल्या घरांतून माणूस मरत नाहीं, तो 'जातो'. तेव्हां 'गेलेले' हाच शब्द मला जवळचा वाटतो. या कथेंतील गेलेलीं माणसें पुरतीं गेलेलीं नाहींत, हें पुढें दिसेलच.

जॉइसचा जन्म १८८२ चा, डब्लिन शहरांतला. १९०४ सालीं त्यानें मायदेश सोडला आणि पुढचें जवळजवळ सगळें आयुष्य ट्रिएस्ट, झूरिच, पॅरिस अशा परक्या शहरांत काढलें. ट्रिएस्ट येथें तो लोकांना इंग्रजी शिकवून पोट भरीत असे. म्हणजे एका अर्थीं आमच्याच जातीचा. मात्र लिहिलें तें सारें डब्लिनविषयीं. 'डब्लिनर्स' या संग्रहांत त्याच्या पंधरा कथा आहेत, त्यांतील ही शेवटची आणि सर्वांत लांब. ती त्यानें १९०७ सालीं लिहिली, पण संग्रह छापून येण्यास १९१४ साल उजाडावें लागलें. एका प्रकाशकानें तो घेतला आणि भिऊन परत केला. दुसऱ्याच्या वेळीं तर छापून झालेले कागद छापखानदारानेंच नष्ट केले. कारण काय, तर खऱ्या दुकानांचीं आणि गुत्त्यांचीं नांवें, आणि कांहीं उघडे शब्द. आज तीं पानें वाचतांना, भिण्यासारखें यांत होतें तरी काय, असें वाटतें.

आतां कथा. नाताळानंतरचे दिवस आहेत. डब्लिनमध्यें लिफी नदीच्या कांठीं 'अशर्स आयलंड' नांवाच्या धक्क्यावर एक जुनें, उंच घर आहे. त्यांत केट आणि ज्यूलिया मॉर्कन या दोन वृद्ध, अविवाहित बहिणी, आणि त्यांच्या भावाची मुलगी मेरी जेन, अशा तिघी राहतात. तिघींचेंहि जगणें गाण्याबजावण्यावर चाललेलें. वर्षांतून एकदां त्या नातलग, मित्र आणि शिष्य यांना बोलावून नाच-गाणें आणि जेवण असा मोठा समारंभ करतात. बोलपटानें साल १९०४ धरलें आहे. दिवस बहुधा ६ जानेवारीचा, 'एपिफनी' या सणाचा, असें समजतात. आपल्या गोव्यांत 'तीन राजांचें फेस्त' म्हणून होतो तोच हा सण.

या मावश्यांचा लाडका भाचा गेब्रिएल कॉनरॉय हा कथेचा नायक. धंद्यानें शिक्षक, शिवाय एका इंग्रजधार्जिण्या वृत्तपत्रांत पुस्तकांचीं परीक्षणें लिहिणारा. समारंभाचें भाषण दरवर्षीं त्याच्याकडे. भाषणांत ब्राउनिंग कवीच्या ओळी घालाव्या कीं नाहीं, त्या मंडळींच्या डोक्यावरून तर जाणार नाहींत ना, याची त्याला पायरी चढतांनाच चिंता. श्रोत्यांपेक्षां आपण चार बुकें अधिक शिकलों आहों याचा अभिमान, आणि त्यामुळेंच आपलें हसें होईल ही भीति, हीं दोन्ही एकाच खिशांत घेऊन वावरणारा हा माणूस आहे. आम्हां शिक्षकांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

संध्याकाळभर त्याला बारीक बारीक ठेंचा लागतात. दार उघडणाऱ्या लिली नांवाच्या मुलीला तो थट्टेनें लग्नाविषयीं विचारतो. ती हल्लींच्या पुरुषांविषयीं असें कांहीं कडवट बोलते कीं हा गोरामोरा होतो आणि तिच्या हातावर एक नाणें ठेवून पळ काढतो. नाचतांना मिस आयव्हर्स ही त्याची व्यवसायबंधु बाई त्याला 'वेस्ट ब्रिटन', म्हणजे पश्चिमेकडचा इंग्रज, म्हणून टोमणा मारते. आयर्लंड तेव्हां इंग्रजांच्या अंमलाखालीं होतें. स्वभाषा, स्वदेश यांचा अभिमान जागा झालेली तरुण मंडळी पश्चिम किनाऱ्यावरच्या आयरिश बोलणाऱ्या बेटांकडे तीर्थयात्रेसारखीं जात. गेब्रिएलला सुटींत सायकलवरून युरोप पाहावयाचा असतो. घरचें पाहावयाचें सोडून परमुलुखांत काय जातां, असें ती विचारते, आणि त्याला उत्तर सुचत नाहीं. हा वाद आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्यांच्या बैठकींतूनहि एके काळीं किती रंगला असेल, तें मीं सांगावयास नको.

जेवण होतें, भाजलेला हंसपक्षी गेब्रिएल कापून वाढतो, भाषण होतें, टाळ्या पडतात. पाहुणे निघूं लागतात. खालीं दाराशीं उभा असलेला गेब्रिएल वर पाहतो तों जिन्याच्या वळणावर अंधारांत एक स्त्री कठड्याला टेकून निश्चल उभी आहे. ती त्याचीच बायको ग्रेटा. वरच्या खोलींत कोणी एक जुनें गाणें म्हणत आहे, तें ती ऐकत आहे. तिला तशी पाहून याचें मन भरून येतें. त्या रात्रीं दोघें ग्रेशम हॉटेलांत उतरणार असतात. मुलें घरीं आहेत, बऱ्याच दिवसांनीं एकान्त आहे. वाटेनें त्याला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवतात. खोलींत गेल्यावर तो तिला जवळ घेऊं पाहतो, तर ती रडूं लागते.

तें गाणें, ती सांगते, मुलगी असतांना गॉलवे गांवीं एक मुलगा म्हणत असे. मायकेल फ्युरी त्याचें नांव. गॅसच्या कारखान्यांत कामाला होता, प्रकृतीनें नाजूक. ती डब्लिनच्या कॉन्व्हेंटांत जावयाला निघाली, त्याच्या आदल्या रात्रीं आजारी असतांहि तो येऊन तिच्या खिडकीखालीं बागेंत, पावसांत उभा राहिला. घरीं जा, मरशील, असें तिनें विनविलें. मला जगावयाचें नाहीं, असें तो म्हणाला. पुढें आठवड्याभरांत तो गेला. तेव्हां तो सतरा वर्षांचा होता. एवढें सांगून, रडून रडून ती झोंपी जाते. गेब्रिएल जागा राहतो. आपण इतकीं वर्षें जिच्याबरोबर संसार केला तिच्या आयुष्यांत आपला वांटा किती थोडा होता, हें त्याला कळतें. पण राग येत नाहीं. ज्यूलिया मावशीहि आतां लवकरच जाणार, हें त्याला दिसूं लागतें. खिडकीबाहेर बर्फ पडत असतें, आणि तें साऱ्या आयर्लंडवर, जित्यांवर आणि गेलेल्यांवर सारखेंच पडत आहे, अशा विचारांत त्याचा डोळा लागतो.

ही गोष्ट हवेंतून आलेली नाहीं. जॉइसची बायको नोरा ही गॉलवेचीच. तिच्यावर लहानपणीं मायकेल बॉडकिन नांवाच्या मुलाचा जीव होता. तो क्षयानें वारला आणि गॉलवेजवळच्या राहून येथील कबरस्तानांत पुरला गेला. मेलेल्या पोरावर जळणारा नवरा स्वतः जॉइसच होता. त्या मत्सरांतून त्यानें जें लिहिलें तें मात्र त्या पोराच्या बाजूचें लिहिलें.

आतां बोलपट काढणाऱ्याची अडचण पाहा. पहिलीं तीन चतुर्थांश पानें म्हणजे एक मेजवानी. त्यांत भांडण नाहीं, चोरी नाहीं, कोणी बेशुद्ध पडत नाहीं. जें कांहीं घडतें तें एका माणसाच्या मनाच्या आंत, आणि शेवटीं जो खरा प्रसंग सांगितला जातो तो कित्येक वर्षांपूर्वींचा, ज्यांतील एक पात्र मेलेलें. कॅमेऱ्याला माणसाचें मन दिसत नाहीं. त्याला चेहरा दिसतो, टोपी दिसते, ताटांतला पदार्थ दिसतो. एखाद्या हिशेबी निर्मात्यानें ही कथा हातांत धरली असती तर त्यानें पहिल्यानें काय केलें असतें? ग्रेटा सांगूं लागतांच खोली विरघळली असती, बाग आली असती, पाऊस आला असता, आणि एक देखणा, खोकणारा मुलगा झाडाखालीं उभा राहून गाणें म्हणूं लागला असता. प्रेक्षकांनीं रुमाल काढले असते.

ह्यूस्टनविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. त्याचा जन्म १९०६ चा. बाप वॉल्टर ह्यूस्टन हा नामांकित नट. १९४१ सालीं 'दि मॉल्टीज फाल्कन' या पहिल्याच बोलपटानें जॉनचें नांव झालें, आणि तोहि एका कादंबरीवरूनच घेतलेला होता. पुस्तकावरून बोलपट करणें हा याचा जन्मभराचा उद्योग : मेलव्हिलचा 'मोबी डिक' त्यानें १९५६ सालीं केला, आणि मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगची 'दि मॅन हू वुड बी किंग' ही हिंदुस्थानांतून काफिरिस्तानांत जाणाऱ्या दोन भामट्यांची कथा १९७५ सालीं. आयर्लंडवर त्याचा लोभ जडला, त्यानें गॉलवे परगण्यांत मोठें घर घेऊन कित्येक वर्षें बिऱ्हाड केलें, आणि १९६४ सालीं त्या देशाचें नागरिकत्वहि पत्करलें. त्याची मुलगी अँजेलिका हिचें बालपण तेथेंच गेलें. ग्रेटाचें काम तिनें केलें आहे, तें हें गॉलवे परगण्याचें पाणी पिऊन. पटकथा मुलानें, टोनी ह्यूस्टननें, लिहिली. तेव्हां एका घराचें काम असेंच म्हणावें लागेल.

१९८७ च्या आरंभीं हें काम सुरू झालें तेव्हां ह्यूस्टन ऐंशी वर्षांचा होता आणि त्याचीं फुफ्फुसें पार निकामी होत आलीं होतीं. चाकांच्या खुर्चींत बसून, नाकाला प्राणवायूची नळी लावून तो दिग्दर्शन करी. आयर्लंडपर्यंतचा प्रवास त्याला झेंपणारा नव्हता. म्हणून मॉर्कन भगिनींचें घर आंतून कॅलिफोर्नियांतील एका वखारींत उभारलें, आणि डब्लिनचे रस्ते दुसऱ्या तुकडीनें तिकडे जाऊन टिपून आणले. विमा कंपनीच्या समाधानासाठीं कॅरेल राइझ हा दुसरा दिग्दर्शक हाताशीं ठेवण्यांत आला होता. म्हातारा मध्येंच गेला तर काम अडूं नये, एवढाच त्याचा हेतु. त्याची गरज पडली नाहीं. बोलपट पुरा झाला; २८ ऑगस्ट १९८७ रोजीं ह्यूस्टन वारला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं व्हेनिसच्या महोत्सवांत तो दाखविला गेला. डोंगर, वाळवंटें आणि देवमासे यांच्यामागें आयुष्यभर धांवलेल्या या माणसानें शेवटीं चार भिंतींतली मेजवानी निवडली, हें मला लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें.

आतां त्यानें काय केलें तें पाहूं. पहिली गोष्ट म्हणजे घाई केली नाहीं. बोलपट अवघा ८३ मिनिटांचा, पण त्यांतला बराच मोठा भाग पाहुण्यांचें येणें, ओव्हरकोट काढणें, नाचणें, वाढणें यांतच जातो. दारू पिऊन आलेल्या फ्रेडी मॅलिन्सला सांवरतांना सर्वांची होणारी तारांबळ, जेवतांना जुन्या गवयांच्या गोष्टी, आपल्या वेळचा गवई आतांच्यांपेक्षां सरस असें केट मावशीनें आग्रहानें सांगणें : आपल्याकडे कोणत्याहि लग्नघरांत रात्रीं जेवणें झाल्यावर हेंच चालतें. पहिल्या अर्ध्या तासांत पाहणारा म्हणतो, 'गोष्ट केव्हां सुरू होणार?' नंतर हळूंहळूं तो त्या घरांत पाहुणा होतो. आणि पाहुणा झाल्यावांचून शेवटच्या खोलींत त्याला प्रवेश मिळाला नसता, असें माझें मत आहे.

दुसरी गोष्ट : कथेंत नसलेलें एक पात्र त्यांनीं आणलें आहे. मिस्टर ग्रेस नांवाचे एक पोक्त गृहस्थ मध्येंच उठून एक कविता म्हणून दाखवितात. 'डॉनल ओग' या जुन्या आयरिश लोकगीताचें लेडी ग्रेगरी या विदुषीनें केलेलें तें इंग्रजी भाषांतर. प्रियकरानें फसविलेल्या मुलीचा तो विलाप आहे. भाषांतर १९०३ सालीं पुस्तकरूपानें आलें, तेव्हां १९०४ च्या मेजवानींत तें कोणी म्हटलें तर बिघडत नाहीं. दिवाणखाना गप्प होतो. आणि कॅमेरा फिरत फिरत ग्रेटाच्या चेहऱ्यावर येतो. ती ऐकत आहे, आणि तेथें नाहीं. एवढेंच. कथेच्या अभिमान्यांना ही भर खपत नाहीं. जॉइसनें जें लिहिलें नाहीं तें त्याच्या तोंडीं कां घालावें, हा त्यांचा प्रश्न वाजवी आहे. पण विचार करा. कथेंत जॉइस वाचकाला गेब्रिएलच्या डोक्यांत बसवून ठेवतो. त्याला ग्रेटाचें मन दिसत नाहीं म्हणून आपल्यालाहि दिसत नाहीं. पडद्यावर तसें करतां येत नाहीं. तेथें ग्रेटा समोर बसलेली आहे. ती कांहींच न दाखवितां तासभर बसली आणि मग एकदम रडूं लागली, तर तें खोटें वाटेल. म्हणून बोलपटानें एक बारीक फट ठेवली. गेब्रिएलचें तिकडे लक्ष नसतें. आपलें असतें, किंवा असावयास हवें.

तिसरें, ज्यूलिया मावशीचें गाणें. बेलिनीच्या संगीतिकेंतून आलेलें तें गाणें नवरीच्या शृंगाराचें. म्हणते कोण, तर जन्मभर अविवाहित राहिलेली म्हातारी. कथेंत तिचा आवाज अजून खणखणीत आहे. बोलपटांत तो थरथरतो, फाटतो. आणि ती गात असतांनाच कॅमेरा दिवाणखाना सोडून निघतो आणि घरांतल्या वस्तूंवरून हळूं फिरतो. जुनीं छायाचित्रें, भरतकाम, शोभेच्या बारीकसारीक जिनसा, जपमाळ. मागें तो थकलेला सूर चालूच. हें कथेंत कोठेंहि नाहीं. पण कथेच्या शेवटीं, हॉटेलांत, गेब्रिएलला एकदम आठवतें कीं गातांना मावशीच्या चेहऱ्यावर मरणाची कळा दिसली होती. जॉइसनें जें शेवटीं एका वाक्यांत सांगितलें, तें ह्यूस्टननें त्याच क्षणीं, वस्तूंच्या तोंडून सांगितलें. ज्या म्हाताऱ्याला स्वतःचे दिवस मोजलेले ठाऊक होते त्यानें तो कॅमेरा त्या खोल्यांतून फिरविला, हें मला विसरतां येत नाहीं.

जिन्यावरचा प्रसंग सर्वांना आवडतो. ग्रेटामागें रंगीत कांचांची खिडकी, डोक्यावर शुभ्र शाल, आणि वरून येणारा पुरुषाचा आवाज. गाणें 'दि लॅस ऑफ ऑग्रिम' : एका सरदारानें फसविलेली मुलगी तान्हें मूल घेऊन पावसांत त्याच्या दाराशीं उभी आहे. बागेंत पावसांत उभा राहिलेला मायकेल आणि दाराशीं उभी असलेली ही मुलगी, दोघांनाहि दार उघडत नाहीं, हें साम्य जॉइसनें कोठें बोलून दाखविलेलें नाहीं. येथें मात्र मला बोलपटाशीं थोडें भांडावयाचें आहे. कथेंतील गवयाचा घसा बसलेला असतो. गाणें तुटक, अर्धवट ऐकूं येतें. बोलपटांत फ्रँक पॅटर्सन या खऱ्याखुऱ्या नामांकित गायकानें तें म्हटलें आहे, आणि फार गोड म्हटलें आहे. इतकें गोड कीं आपण गाणेंच ऐकूं लागतों, आणि तें ऐकणाऱ्या बाईला क्षणभर विसरतों.

मग ग्रेशम हॉटेलची खोली. येथें ह्यूस्टननें जें केलें नाहीं त्यासाठीं त्याचे आभार मानले पाहिजेत. बाग नाहीं, झाड नाहीं, मुलगा नाहीं. अँजेलिका ह्यूस्टन सांगते, आणि पडदा त्या खोलींतून बाहेर जात नाहीं. मायकेल फ्युरीचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाहीं. गेब्रिएललाहि तो दिसला नव्हता. त्याला जो मुलगा छळतो तो बिनचेहऱ्याचाच आहे. चेहरा दिला असता तर आपण त्याला गेब्रिएलशीं ताडून पाहिलें असतें, हा देखणा कीं तो, असा हिशेब केला असता. गेलेल्या माणसाला नट लावला कीं तो पुन्हां मर्त्य होतो.

आमच्या घरीं हा बोलपट आम्ही दोघांनीं मिळून पाहिला. या प्रसंगीं मंडळींनीं एकच वाक्य उच्चारलें : "त्यानें आजवर विचारलें कुठें होतें?" मला तें कोणत्याहि परीक्षणांत आढळलें नव्हतें. ग्रेटानें कांहीं लपविलें नव्हतें. नवऱ्यानें तिची 'गॉलवेची' म्हणून नोंद घेतली होती, त्याच्या आईनें तिला गांवढळ ठरविलें होतें, आणि ती त्या गांवीं कशी जगली हें कोणी विचारलें नव्हतें. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं आपापल्या घराचा विचार करावा. आपल्यांत तर लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून त्यांवर मुलीचें नवें नांव लिहावयाची चाल होती. माहेरचें नांव जेथल्या तेथें राही, आणि त्या नांवाच्या मुलीला कोणतें गाणें येत होतें, कोणाबरोबर तिनें चिंचा पाडल्या, याची चौकशी सासरीं कोण करणार? आमच्या मंडळींना मीं त्या रात्रीं विचारलें. काय सांगितलें तें आकाशवाणीवरून सांगण्याजोगें नाहीं, इतकें विशेषहि नाहीं. पण चाळीस वर्षांत तें मला ठाऊक नव्हतें.

शेवटाविषयीं दोन शब्द. कथेचा शेवट लेखकाच्या तोंडीं आहे; 'तो' म्हणून गेब्रिएलविषयीं लिहिलेला. त्या शेवटच्या परिच्छेदांत 'तो' हळूंहळूं पुसट होत जातो आणि नुसतें बर्फ उरतें. बोलपटांत तोच मजकूर गेब्रिएलच्या आवाजांत, 'मी' म्हणून ऐकूं येतो, आणि पडद्यावर आयर्लंडचे उघडे माळ, पडकीं बांधकामें, थडगीं आणि त्यांवर पडणारें बर्फ दिसतें. शब्दहि थोडे बदलले आहेत, कांहीं भर घातली आहे. डोनल मॅकॅन या नटानें तें फार संयमानें म्हटलें आहे. तरी 'मी' म्हटलें कीं माणूस स्वतःविषयीं बोलूं लागतो, पुसट होत नाहीं. मला वाटतें, बोलपट सर्वांत अधिक हरला तो येथें, आणि येथें त्याला दुसरा मार्गहि नव्हता. हे शब्द गाळावे तर कथाच राहत नाहीं.

दुसरी हार त्याहून बारीक आहे आणि तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जिन्यापासून हॉटेलापर्यंतच्या वाटेंत जॉइसनें गेब्रिएलच्या मनांतली वासना, कोंवळीक, जुन्या पत्रांच्या आठवणी असें कांहीं पानें भरून लिहिलें आहे. तिच्या मनांत हेंच चाललें असेल असें त्याला वाटत असतें. त्या उंचीवरून तो पडतो. बोलपटांत घोडागाडीतला त्याचा चेहरा तेवढा दिसतो. पडणें होतें, पण खालच्या पायरीवरून. मॅकॅनचा गेब्रिएल म्हणूनच जॉइसच्या गेब्रिएलपेक्षां सालस माणूस झाला आहे. जॉइसचा अधिक हास्यास्पद आहे, आणि मला तो अधिक आवडतो.

जातां जातां एक गंमत. जॉइसला बोलपटांचें वावडें मुळींच नव्हतें. १९०९ च्या डिसेंबरांत, चित्रें अजून मुकीं होतीं त्या काळांत, ट्रिएस्टच्या कांहीं व्यापाऱ्यांचें भांडवल घेऊन यानेंच डब्लिनमध्यें 'व्होल्टा' नांवाचें चित्रपटगृह उघडलें होतें. शहरांतलें तसलें पहिलेंच. तो धंदा त्याला जमला नाहीं आणि पुढच्याच वर्षीं तें तोट्यांत विकावें लागलें. 'दि डेड' तेव्हां लिहून झाली होती आणि पेटींत पडून होती.

कथा शांतपणें वाचावयास दीड तास पुरेल. बोलपटाला त्याहून कमी. आधीं कथा वाचावी असें मी सुचवीन, आणि बोलपट शक्य तर दोनदां पाहावा. दुसऱ्या खेपेला मिस्टर ग्रेस उठून कविता म्हणूं लागले कीं त्यांच्याकडे पाहूं नये. ग्रेटा कोठें बसली आहे तें आधींच हेरून ठेवावें.